जुनी कौटुंबिक छायाचित्रे : जीर्णोद्धार व इतिहासशोध

घराच्या भिंतीवर, ट्रंकेत किंवा आल्बममध्ये राहिलेली जुनी छायाचित्रे नाशापासून वाचवणे, त्यांची प्रतिमा सुधारणे आणि त्यांतील व्यक्ती, स्थळ व काळ ओळखणे ही कामे सहसा वेगवेगळी मानली जातात. प्रत्यक्षात ती एकमेकांपासून सुटत नाहीत. काळ ठरवण्याचा पुरावा बहुतेकदा चेहऱ्यांपेक्षा पुठ्ठा, कडा, डाग व पाठीमागचा मजकूर यांत असतो आणि अविचारी दुरुस्तीत नेमका तोच प्रथम नष्ट होतो.

प्रारंभ : छायाचित्र घेण्याची दागेरची प्रक्रिया १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्याशी संबंधित होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊंचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तेथे शिकवले. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय केला. मराठी कौटुंबिक छायाचित्रणाचा आरंभ येथूनच धरण्याचा प्रघात आहे. तथापि त्या काळातील ओल्या कोलोडियन काचेवर (रसायनाचा लेप ओला असतानाच वापरावी लागणारी काच) चित्र घेणे खर्चिक व कटकटीचे होते आणि उपलब्ध चित्रांत संस्थानिक, शेटसावकार व सरकारी हुद्देदार यांचाच भरणा दिसतो. मध्यमवर्गीय घरातील चित्रे जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात आल्यावर, म्हणजे साधारणतः १८८० नंतर वाढलेली दिसतात. घरगुती संग्रहांपुरता हाच टप्पा आरंभाचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रकार व कालनिश्चिती : एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य प्रती अंड्याच्या बलकाविना उरलेल्या पांढऱ्या द्रवाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर आहेत (अल्ब्युमेन). हा कागद गुंडाळला जातो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवीत. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, पृष्ठावर बारीक तडे असतात आणि उजळ भाग पिवळट पडतात. जिलेटिन प्रतीत कागद व प्रतिमा यांच्यामध्ये बराइटाचा (बेरियम सल्फेटचा) पांढरा थर असल्याने तंतू दिसत नाहीत; कालांतराने गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक येते. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचा पुठ्ठा (सु. ६४ × १०० मिमी.) १८६० च्या दशकात लोकप्रिय झाला. कॅबिनेट पुठ्ठा (सु. १०८ × १६५ मिमी.) १८६६ नंतरचा. पुठ्ठ्याचे कोपरे, सोनेरी कड व रंग यांवरून काढलेली युरोपीय कोष्टके मात्र येथे बेताने वापरावीत. पुठ्ठे बाहेरून येत आणि शिल्लक माल वर्षानुवर्षे खपत असे. शिवाय स्टुडिओच्या शिक्क्यावरून कळते ते प्रत काढल्याचे साल. मूळ काच (निगेटिव्ह) त्याआधीची, क्वचित दुसऱ्याच स्टुडिओकडून विकत घेतलेलीही असू शकते. भिंतीवरील हार घातलेली मोठी तसबीर तर बहुधा मूळ छायाचित्र नसतेच. समूहचित्रातील चेहरा मोठा करून रिटच करणाऱ्याने पगडी वा उपरणे रंगवल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

छायाचित्रकाराच्या नावावर विसंबण्यातील धोका झाशीच्या राणीच्या म्हणून प्रसृत होणाऱ्या एका छायाचित्रावरून स्पष्ट होतो. ते हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने १८५० मध्ये घेतले, असे सांगितले जाते. हे नाव ज्या जॉन्स्टन अँड हॉफमन पेढीमुळे परिचित आहे ती कलकत्त्यात १८८० च्या दशकात उभी राहिली. राणीचा मृत्यू १८५८ मधला. हा हॉफमन वेगळाच होता असे दाखवता आले नाही, तर ते चित्र राणीचे मानणे कठीण आहे.

रंगांचा प्रश्न : छायाचित्रणाची सुरुवातीची प्रकाशसंवेदी द्रव्ये केवळ निळ्या व अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देत. हरमान फोगेलने १८७३ मध्ये हिरव्या प्रकाशापर्यंतची संवेदनशीलता साधली. तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात १९०६ च्या सुमारास आल्या आणि त्यांचा सर्रास वापर त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. त्यामुळे जुन्या चित्रात कुंकू काळे दिसते, निळे आकाश पांढरे पडते आणि विधवेचे तांबडे आलवण व काळी चंद्रकळा एकाच गडद छटेत उमटतात. करड्या छटेवरून मूळ रंग काढता येत नाही. आलवण व चंद्रकळा यांतला भेद तर स्त्रीच्या वैधव्य-सौभाग्याचा आहे. हल्लीची आपोआप रंग भरणारी साधने याबाबतीत निव्वळ अंदाज करतात. अस्पष्ट चेहरा ‘स्पष्ट’ करणारी साधनेही हरवलेला तपशील परत आणत नाहीत, त्याजागी संभाव्य तपशील रचतात. अशी प्रत भिंतीवर लावायला हरकत नाही, पुरावा म्हणून ती निरुपयोगी होय.

जतन : दमट हवेत जिलेटिन मऊ होऊन चौकटीच्या काचेला चिकटते, त्यावर बुरशी धरते, कोकण व मुंबईत हा अनुभव सार्वत्रिक आहे. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. पाण्याने पुसणे, सेलोटेप लावणे व लॅमिनेशन टाळावे. लॅमिनेशन पूर्ववत करता येत नाही. स्कॅन पुढून-मागून, पुठ्ठ्याच्या कडांसह, निदान ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० बिंदू) टिफ या फाइल-स्वरूपात करावा. ही प्रत तशीच ठेवून सर्व सुधारणा दुसऱ्या प्रतीवर कराव्यात. वाळवी, कसर आणि पूर यांनी झालेले नुकसान भरून निघत नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पुणेकरांच्या घरांतील कागदपत्रे व चित्रे वाहून गेली, भिजून गेली.

इतिहासशोध : पाठीमागे मोडीत किंवा बाळबोधीत नोंद असल्यास ती प्रथम वाचावी. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात : शके १८२० च्या माघातले चित्र १८९९ चे होय. पोशाखात पुरुषांचे शिरोभूषण उपयोगी ठरते. गांधी टोपी १९२० च्या आधी अपेक्षित नाही. पगडी मात्र वृद्धांच्या डोक्यावर बराच काळ टिकली, म्हणून समूहातील तरुणांकडे पाहावे. नऊवारीवरून काळ ठरवणे अवघड आहे. पार्श्वभूमीतील वास्तूही मदत करतात. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, विजेची ट्राम १९०७ मध्ये आली.

व्यक्ती ओळखण्यासाठी कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीचे छापील ग्रंथ), त्र्यंबकेश्वर-नाशिक येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या व मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे पडताळतात. स्त्रियांबाबत अडचण येते. लग्नात नाव बदलत असल्याने माहेरच्या आल्बममधील यमुना सासरच्या कुलवृत्तांतात वेगळ्याच नावाने नोंदलेली असते. कित्येक वृत्तांतांत तर फक्त ‘अमुकची कन्या’ एवढेच. कुलवृत्तांत प्रामुख्याने ब्राह्मण व काही लेखनिक जातींचे आहेत. शेतकरी, गिरणी कामगार व दलित कुटुंबांसाठी लष्करी गणवेशातील चित्रे, शाळेचे समूहफोटो व जत्रेतील फोटोवाल्यांच्या प्रती हाच मुख्य आधार राहतो.

बेने इस्रायल या कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजात आडनाव हाच धागा आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही नावे रायगडातील गावांवरून पडली आहेत. १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या कुटुंबांच्या संग्रहातील नऊवारीतल्या स्त्रियांचे मूळ गाव त्यामुळेच बहुधा सांगता येते. घरगुती चित्रे व त्यांमागच्या कथा एकत्र आणणारा ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ हा ऑनलाइन संग्रह अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केला.