‘पिण्यास योग्य’ अहवाल आणि लेजिओनेलाची तपासणी: रुग्णालयाच्या पाण्याचे दोन वेगळे प्रश्न

रुग्णालयाच्या पाण्याचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला, की नळाचे सारेच पाणी निर्धोक ठरले असे समजले जाते. हा समज धोकादायक आहे, कारण तो अहवाल बहुधा कोलिफॉर्म (मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या) तपासणीचा असतो आणि लेजिओनेला या जिवाणूविषयी तो काहीच सांगत नाही.

कोलिफॉर्म तपासणी पाण्यात मैला मिसळला आहे का, एवढेच शोधते. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय (मैल्यातून येणारा कोलिफॉर्म जिवाणू) आढळता कामा नये. लेजिओनेलाचा मैल्याशी संबंध नाही. तो २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात, पाइपांच्या आतील बुळबुळीत थरात आणि वापरात नसलेल्या फाट्यांत वाढतो, आणि मुख्यतः शॉवरच्या किंवा कूलिंग टॉवरच्या तुषारांवाटे फुप्फुसात शिरून न्यूमोनिया घडवतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनातून या न्यूमोनियाची साथ प्रथम लक्षात आली.

खरा घोटाळा नमुना घेताना होतो. कोलिफॉर्मसाठी धातूच्या नळाचे तोंड ज्योतीने तापवून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग बाटली भरतात, कारण तिथे पुरवठ्याचे पाणी जोखायचे असते. लेजिओनेलासाठी हीच रीत वापरली, तर जे शोधायचे तेच वाहून जाते. म्हणून नळ न तापवता, तोटीत आणि शॉवरमध्ये साचलेले पहिलेच पाणी, शक्यतो १ लिटर, घ्यावे लागते. त्यानंतर पाणी वाहू देऊन दुसरा नमुना घेणे मला फार मोलाचे वाटते: पहिल्यात जिवाणू सापडले आणि दुसऱ्यात नाहीत, तर दोष बहुधा त्या तोटीपुरता असतो, दोन्हींत सापडले, तर टाकी, हीटर आणि मुख्य पाइप तपासावे लागतात. क्लोरीनयुक्त पाण्यासाठी दोन्ही तपासण्यांत बाटलीत सोडियम थायोसल्फेट असावेच, नाहीतर क्लोरीन वाटेतच जिवाणू मारत राहते.

कोलिफॉर्मचा निकाल साधारणपणे एक-दोन दिवसांत मिळतो. लेजिओनेलाला सिस्टीन व लोह घातलेले, कोळसायुक्त खास माध्यम लागते आणि १० दिवसांपर्यंत थांबावे लागते. पीसीआर ही जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी त्याच दिवशी उत्तर देऊ शकते, मात्र मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजते. त्यामुळे निर्जंतुकीकरणानंतर लगेच केलेल्या पीसीआरवरून उपाय फसला असा निष्कर्ष काढू नये.