‘झेपेल तेवढंच दुःख देव देतो’ असं बायबलमध्ये आहे का?

‘देव माणसाला झेपेल तेवढंच दुःख देतो – बायबल.’ मोबाइलवर हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. जालन्याकडच्या एका घरी मातीनंतर भाकरी-पिठलं घेऊन गेलो, तर दाराशी बसलेल्या मावशींनी तोच पुढे केला. ‘मला तर झेपंना, बाबा. माझाच इस्वास कमी म्हनायचा का?’

पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा असतो. पण हे वाक्य बायबलमध्ये नाही. त्याच्या सर्वांत जवळचं वचन १ करिंथ १०:१३, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं: देव तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही. ते उघडा आणि आधीच्या सात-आठ ओळीही वाचा: विषय वासना, व्यभिचार, कुरकुर यांचा आहे. तिथली ‘परीक्षा’ मोहाची. घरातल्या मयताबद्दल किंवा वाळून गेलेल्या कापसाबद्दल ते वचन बोलत नाही.

उलट तोच पौल त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात (१:८) लिहितो की, आसियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमी प्रांत) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. पुढच्याच ओळीत तो मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवतो. ख्रिस्ती आशा तिथं आहे; आपल्या सोसण्याच्या ताकदीत नाही.

बायबलच्या जुन्या करारातला १ राजे १९ हा अध्याय तर मला फार जवळचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागून झोपतो. देवदूत रागवत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. दुसऱ्यांदा उठवून तो म्हणतो, ऊठ, खा, वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे.

मावशींना हाच अध्याय वाचून दाखवला. दोन दिवसांनी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.