फ्लॉवर चीज: तळाशी पाणी का साचतं?

लीड्सला शिकायला होतो तेव्हा पहिल्यांदा फ्लॉवर चीज केलं. वरून बघायला झकास: सोनेरी, जागोजागी खरपूस डाग, कडेने बुडबुडे. चमचा घातला आणि भांड्याच्या तळाशी पांढरट पाण्याचं तळं दिसलं. सॉस म्हणावा तर निव्वळ फुळकवणी. त्या फजितीचं खापर मी चीजवर फोडलं. पुढच्या वेळी चीज दुप्पट घातलं. मग पाणी तसंच राहिलं आणि वर तेलाचा तवंगही आला.

ज्यांनी हा पदार्थ खाल्ला नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडमध्ये रविवारी दुपारी भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचं जेवण असतं, त्याच्या शेजारी हे ठेवतात. शाकाहारी माणसाचं तेवढ्यावरही भागतं. फ्लॉवर उकडायचा, त्यावर मैदा-दूध-चेडरचा सॉस ओतायचा आणि ओव्हनमध्ये वरचा थर लाल होईपर्यंत भाजायचं. इसाबेला बीटन यांच्या 1861 सालच्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात फ्लॉवर आणि पार्मेझान चीजची कृती आहे, म्हणजे ही जोडी तिकडच्या स्वयंपाकघरात चांगली मुरलेली. कृती चार ओळींची. तरी घरोघरी तेच पाणी.

गुन्हेगार फ्लॉवर आहे. त्याच्या वजनात सुमारे 92 टक्के पाणी असतं. आठशे ग्रॅमचा साफ केलेला गड्डा घेतला तर त्यात जवळजवळ पाऊण लिटर पाणी आलं. सॉसला आपण दूध घेतो अर्धा लिटर. म्हणजे भांड्यात सॉसपेक्षा जास्त पाणी भाजीच्या पोटात दडलेलं असतं, आणि कृती लिहिणारे त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

हे पाणी सुटतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. भाजीची प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने टम्म भरलेली पिशवी. साधारण 60 अंशांच्या पुढे त्या पिशवीचं पातळ आवरण फाटतं आणि पाणी झिरपायला लागतं. पण पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन नीट सैल व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे फ्लॉवर मऊ व्हायच्या आधीच पाणी सोडायला लागलेला असतो. उकडताना हे कळत नाही, कारण सुटलेलं पाणी पातेल्यातल्या पाण्यात मिसळून जातं. ओव्हनमध्ये मात्र त्याला जायला सॉसखेरीज जागा नसते.

यात भर पडते गड्ड्याच्या आकाराची. आपण ज्याला फ्लॉवर म्हणतो ते फूल नव्हेच. फुलं यायची म्हणून वाढबिंदू तयार होतात, फूल होणं जमत नाही, मग त्या जागी नवे वाढबिंदू फुटतात, त्यांचंही तेच होतं. ही अपयशांची रास म्हणजे आपला गड्डा. 2021 साली फ्रांस्वा पार्सी, क्रिस्तोफ गोदाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या वाढीमागची जनुकांची यंत्रणा उलगडून दाखवली. तुऱ्यात तुरा, त्यात आणखी बारका तुरा, अशी ती रचना. एक तुरा तोडून उन्हात धरा: मोठ्या गड्ड्याची हुबेहूब लहान प्रत दिसेल, आणि तिच्या बोंडांमध्ये केसाएवढ्या फटी. उकळत्या पाण्यातून काढलेला तुरा या फटींमध्ये पाणी धरून बसतो, स्पंजासारखा. चाळणीत मिनिटभर ठेवून ते निथळत नाही. खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक तुरा निथळल्याबरोबर तोला आणि दहा मिनिटं पसरून ठेवल्यावर पुन्हा तोला.

जाता जाता, इंग्रजीत या गड्ड्याला ‘कर्ड’ म्हणतात, म्हणजे आपलं दही. शिवाय इंग्रजीत फूल आणि पीठ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फ्लॉवर’सारखाच. या पदार्थात दोन्ही पडतात. माझ्या घरमालकिणीने फोनवर कृती सांगताना झालेला गोंधळ इथे सांगत बसत नाही.

तर उपाय. तुरे मोठे ठेवा, पाण्यात न बुडवता पाच-सहा मिनिटं वाफवा, सुरी देठात जराशी अडकेल इतपतच. मग लगेच सुती फडक्यावर देठ वर करून पसरा. झाकायचं नाही. गरम तुऱ्यातून वाफ भसाभसा निघून जाते. झाकण ठेवलं की तीच वाफ थेंब होऊन परत त्याच्यावर पडते. काही जण भाजी हिरवी राहावी म्हणून उकडल्यावर थंड पाण्यात टाकतात. फ्लॉवर हिरवा नाही, त्याला ती अंघोळ घालू नये. दुसरा मार्ग म्हणजे तुरे तेल लावून 220 अंशांवर थेट भाजणं. पाणी उडतं, कडा तपकिरी होतात, चव शेंगदाण्याकडे झुकते. चव मला हीच आवडते, पण जुन्या मताची इंग्रज माणसं म्हणतील की हा वेगळाच पदार्थ झाला, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. त्यातला दुधाळ मऊपणा जातो.

फार शिजवू नका, हे सांगण्यामागे वासाचंही कारण आहे. कोबी-फ्लॉवरच्या कुळात गंधकाची संयुगं भरपूर. शिजवण्याचा वेळ वाढत जाईल तशी ती फुटून हायड्रोजन सल्फाइड आणि त्याच्या भाईबंदांचे वास सुटतात. जिन्यात पाऊल ठेवताच कोणाकडे फ्लॉवर आहे ते कळतं, तो हाच वास.

आता सॉस. 40 ग्रॅम लोणी, 40 ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. लोण्यात मैदा परतायचा तो फक्त कच्चा वास घालवायला नव्हे. उकळत्या पाण्यात बेसन पेरून केलेल्या पिठल्यात गुठळ्या का होतात ते आठवा. पिठाच्या ढेकळाला गरम पाणी लागलं की बाहेरचा स्टार्च ताबडतोब फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठाभोवती पाणबंद कोट तयार होतो. मैद्याचा कण न् कण आधी लोण्याने माखला की कण एकमेकांपासून सुटे राहतात, दूध सगळ्यांपर्यंत पोचतं. दूध थोडं थोडं घालत घोटायचं. स्टार्चचे कण 60 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतात, पण पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ येतो. तेव्हा पहिला बुडबुडा आला की गॅस बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. मंद आचेवर पाच मिनिटं तरी रटरटू द्या. या टप्प्यावर सॉस तुम्हाला जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, उलथन्यावरून धारेऐवजी गोळ्याने पडेल इतका. 40 ग्रॅम मैद्यात स्टार्च जेमतेम 30 ग्रॅम. अर्धा लिटर दूध बांधून ठेवतानाच त्याची दमछाक होते, आणि फ्लॉवरचं उरलेलं पाणी अजून यायचंय.

चीज सर्वांत शेवटी, गॅस बंद करून, किसून. चीज म्हणजे केसिन या प्रथिनाचं जाळं, त्याच्या गाठी कॅल्शियमने बांधलेल्या आणि घरांमध्ये चरबीचे थेंब अडकलेले. ऊब मिळाली की आधी चरबी पातळ होते, मग 65 अंशांच्या सुमाराला चेडरचं जाळं सैल पडून वाहू लागतं. तापमान बरंच वाढलं तर उलटा खेळ सुरू होतो: प्रथिनं एकमेकांना घट्ट मिठी मारतात आणि पिळलेल्या फडक्यातून पाणी निघावं तशी चरबी बाहेर येते. तोच माझा तवंग. स्टार्च मध्ये येऊन ही मिठी पडू देत नाही, म्हणून मैद्याशिवाय नुसत्या दुधात चीज वितळवलं की ते फाटण्याची भीती जास्त.

कोणतं चीज? चांगलं मुरलेलं चेडर, 120 ते 150 ग्रॅम. हे चीज मुरताना त्यातली प्रथिनं तुटून आखूड होतात, म्हणून तारा सुटत नाहीत आणि चव तीव्र असल्याने कमी पुरतं. मोझरेलाच्या प्रथिनांचे धागे लांब. पिझ्झावर ती तार शोभते, इथे चमच्यामागून फरफटत येते. पार्मेझान फक्त वरून भुरभुरायला. आणि पनीर? पनीर वितळतच नाही. दूध उकळून लिंबू पिळलं की आम्लामुळे कॅल्शियमच्या गाठी विरघळून निघून जातात, निवळीतली प्रथिनंही केसिनला चिकटतात, आणि तापवाल तसं ते जाळं सैल पडण्याऐवजी आवळतं. पालक पनीरचे तुकडे शाबूत राहतात ते यामुळे. आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज याच्या दुसऱ्या टोकाला. डब्यावर घटकांमध्ये 331 हा आकडा दिसला तर ते सोडियम सायट्रेट. ते केसिनकडचं कॅल्शियम काढून घेतं, प्रथिनं मोकळी होऊन चरबीला धरून ठेवतात, सॉस आरशासारखा होतो. मुलुंडच्या घरी मी निम्मं ते आणि निम्मं चेडर घेतो. शुद्धतावाद्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.

चीजबरोबर चमचाभर मोहरीची पूड घालतात. मोहरी आणि फ्लॉवर एकाच कुळातले, त्यामुळे ही जोडी जमते. फोडणीत तडतडलेली मोहरी झणझणत नाही, पण लोणच्यासाठी फेसलेली नाकात जाते, हे आपल्याला माहीत असतं. झणका तयार करणारं विकर उष्णतेने मरतं. म्हणून पूड आधी चमचाभर गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, मग सॉसमध्ये घाला. झणका बराचसा भट्टीत उडून जाईल. मागे राहील तो चीजला उठाव देण्यापुरता.

ओव्हन 200 अंशांवर आधी तापलेला हवा, आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटं. भाजी शिजलेलीच आहे, आपल्याला फक्त वरचा थर लाल करायचा आहे; रेंगाळलात तर फ्लॉवर उरलंसुरलं पाणीही सोडेल. बाहेर काढल्यावर लगेच वाढू नका. दहा मिनिटांत सॉस निवतो तसा स्टार्च धरायला लागतो, पाझरलेलं थोडं पाणी त्यात सामावतं. भुकेली मंडळी भोवती उभी असताना ही दहा मिनिटं काढणं सगळ्यांत अवघड.

उरलं तर स्वच्छ चमच्याने वेगळं काढा. आजी उष्टा चमचा भांड्यात घालू देत नसे. त्यातलं शास्त्र इथे डोळ्यांनी दिसतं: लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि गार झालेल्या वाटीतला घट्ट सॉस तासाभरात सैल पडतो. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या भांड्यातही कडेला थोडं पाणी सुटतं, कारण थंडीत स्टार्चचे रेणू जवळ सरकतात आणि धरलेलं पाणी सोडतात. ते पाणी ओतून टाकायचं, उरलेलं टोस्टवर थापायचं आणि तव्यावर झाकण न ठेवता गरम करायचं.