कार इन्शुरन्समध्ये काय मिळतं, काय नाही (नाशिक)

कार इन्शुरन्सचे मुख्य भाग दोन, थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेलं नुकसान, आणि ते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचं आहे, नसेल तर पहिल्यांदा २००० रुपये दंड, पुढच्या वेळी ४०००, वर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. समोरचा जखमी झाला किंवा दगावला तर भरपाई किती ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. आपल्या गाडीला यातून एक रुपया मिळत नाही. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं की नुसतं थर्ड पार्टी असेल तर आपल्याच गाडीत बसलेले मित्र नातेवाईक त्यात सहसा धरले जात नाहीत, थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॅकेज पॉलिसीत धरले जातात.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचं एकदमच घ्यावं लागतं, पण सोबतचं ओन डॅमेज बऱ्याचदा एकच वर्षाचं असतं. त्यामुळे एमएच १५ च्या, म्हणजे नाशिक पासिंगच्या कितीतरी नव्या गाड्या दुसऱ्या वर्षी अर्ध्याच इन्शुरन्सवर फिरत असतात आणि मालकाला वाटतं तीन वर्षं टेन्शन नाही, म्हणून पॉलिसीवर दोन्हीच्या तारखा वेगवेगळ्या बघा.

ओन डॅमेजमध्ये अपघात, चोरी, आग, दंगल, पूर, गारपीट, दरड हे सगळं येतं, म्हणजे निफाड सिन्नरकडच्या गारांनी फुटलेली काच किंवा कसारा घाटात पडलेला दगड दोन्हीचा क्लेम होतो. नाशिककरांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट पुराची. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात जातात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा सराफ बाजारापर्यंत पाणी आलं होतं. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर सीट, कार्पेट, वायरिंग, साफसफाई याचा खर्च साध्या ओन डॅमेजमध्ये बसतो. पण पाणी ओसरल्यावर कोणी चावी फिरवून बघितली की पाणी सिलिंडरमध्ये खेचलं जातं, पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं, आणि कंपनी म्हणते हे पुरामुळे नाही, स्टार्ट मारल्यामुळे झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियमचं पूरक कव्हर, वेगळं घ्यावं लागतं, आणि ते असलं तरी त्याच्या अटी वाचून ठेवा. बुडालेली गाडी स्टार्ट न करता फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि टो करून न्यायची.

बिल पास झालं तरी पूर्ण पैसे येत नाहीत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यावर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही. समजा बंपर ८००० चा, तर ४००० धरले जाणार आणि त्यातूनही १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून, म्हणजे हातात ३०००. झिरो डेप नावाचं ॲड-ऑन घेतलं तर घसारा वाचतो, १००० तरीही जातात. आणि त्या तीन हजारांसाठी २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठत आलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये मिळणारी सूट, घालवायचा का हे आधी बघावं.

दारू पिऊन चालवलं, लायसन्स नव्हतं, पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून शिर्डी त्र्यंबकची भाडी मारली, तर ओन डॅमेज क्लेम अडकतो. झीज, नुसता बंद पडलेला एसी, गाडीतून चोरीला गेलेला लॅपटॉप हेही नाही. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसेल तर त्याचेही पैसे नाहीत.

जुनी गाडी घेतली की १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या, थर्ड पार्टी आपोआप पुढे चालतं पण ओन डॅमेज मागच्या मालकाच्या नावावर राहिलं की क्लेम नाकारतात. नाकारलेलं पटत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.