ब्रिटन-आयर्लंडचा काळा कुत्रा : एका नावाखाली जमलेल्या अनेक कथा

मराठी वाचकाला हा कुत्रा बहुधा शेरलॉक होम्समुळे माहीत असतो. डार्टमूरचं माळरान, धुकं आणि त्यातून झेपावणारं अक्राळविक्राळ जनावर. ती कादंबरी, ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः आली. पण इंग्रजी लिखाणात काळे भेसूर कुत्रे त्याआधी पावणेआठशे वर्षांपासून धावत आहेत. ‘प्राचीन काळा कुत्रा’ म्हणून आज जे एकसंध चित्र दिसतं ते मात्र जुनं नाही. वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या कारणांनी लिहिले गेलेले कुत्रे १९व्या आणि २०व्या शतकांत एका साखळीला बांधले गेले. म्हणून यातली कुठलीही कथा हाती घेतली की पहिला प्रश्न एकच असावा : हे पहिल्यांदा कधी लिहिलं गेलं, आणि कोणी?

सर्वांत प्रसिद्ध प्रसंग सफक परगण्यातल्या बंगी गावचा. ४ ऑगस्ट १५७७, रविवार. सेंट मेरी चर्चमध्ये सकाळी नऊ-दहाच्या सुमारास प्रार्थना चालू असताना भयानक वादळ आलं. लंडनमधला लेखक-अनुवादक अब्राहम फ्लेमिंग याने लगोलग एक छोटं पत्रक लिहिलं. त्यात येतं ते असं : विजेच्या कडकडाटात एक काळा कुत्रा, किंवा त्या रूपातला सैतान, चर्चमध्ये शिरला. गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या मधून तो गेला आणि दोघांच्याही माना एका क्षणात मागे पिरगळल्या गेल्या. तिसऱ्याची पाठ त्याने अशी पकडली, की तो माणूस आगीत करपलेल्या चामड्यासारखा, नाडी ओढलेल्या बटव्याच्या तोंडासारखा आक्रसला. पण फ्लेमिंगच्या म्हणण्यानुसार तो जगला. चर्चची पन्हळ साफ करणारा सेवक गडगडाटाने खाली पडला, त्याला काही झालं नाही. घड्याळाच्या तारा आणि चाकं पिळवटली गेली. मग तोच कुत्रा सात मैलांवरच्या ब्लायबरोच्या चर्चमध्ये, पूर्वी जिथे क्रूस उभा असे त्या तुळईवर जाऊन बसला आणि तिथून खाली झेप घेऊन त्याने दोन पुरुष आणि एका मुलाला मारलं.

आता त्याच वादळाच्या बाकीच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. बंगीच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदवहीत त्या दिवशी घंटेच्या मनोऱ्यात, प्रार्थनेच्या वेळी, वादळात दोघे मेल्याचं लिहिलं आहे. कुत्र्याचा उल्लेख नाही. हॉलिनशेडच्या इंग्लंडच्या इतिहासाच्या बखरीच्या १५८७च्या आवृत्तीत वादळ आहे, वीज आहे, घड्याळाच्या तुटलेल्या तारा आहेत, मनोऱ्यात मेलेले दोघे आहेत, कुत्रा नाही. ही आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांत खुद्द फ्लेमिंग होता, हे इथे फार महत्त्वाचं आहे. बखरीत क्रमही उलटा आहे : वादळ आधी ब्लायबरोला आणि मग बंगीकडे. ब्लायबरोचे मृतही वेगळे, चाळिशी ओलांडलेला एक माणूस आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा. अंतराचंही तेच. सरळ रेषेत मोजलं तरी दोन गावांत सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे ११ मैलांहून जास्त अंतर आहे. फ्लेमिंग सात म्हणतो. तो घटनास्थळी जाऊन लिहीत नव्हता, असंच यावरून दिसतं.

मृत्यू मात्र खरे आहेत, आणि मनोऱ्यातच का झाले हेही उघड आहे. गावातली सर्वांत उंच वास्तू म्हणजे चर्चचा मनोरा, आणि वीजरोधक यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. घड्याळाच्या लोखंडी तारा मनोऱ्यातून खाली येत. वीज त्या वाटेने उतरताना जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. माणूस भाजून आक्रसणं, लोखंड पिळवटणं, दगडावर ओरखडे उमटणं हे सगळं त्यात बसतं. फ्लेमिंगला यातून प्रवचन करायचं होतं. पत्रकभर पश्चात्तापाचं आवाहन आहे आणि कुत्रा त्या आवाहनाला आकार देतो. क्रूस उतरवलेल्या रिकाम्या तुळईवर सैतान बसतो, हे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतरच्या इंग्लंडमधल्या वाचकाला किती बोचलं असेल याची कल्पना करता येते.

सफक-नॉरफोकच्या, म्हणजे पूर्व अँग्लियाच्या, मुलखात हा कुत्रा आज ज्या नावाने ओळखला जातो ते ‘ब्लॅक शक’ हे नाव या पत्रकात कुठेही नाही. ते नाव छापील स्वरूपात ठळकपणे येतं १८५०मध्ये, ‘नोट्स अँड क्वेरीज’ या नियतकालिकात, ई. एस. टेलर नावाच्या पाद्र्याच्या टिपणात. पूर्व नॉरफोक आणि केंब्रिजशरमधले लोक मध्यरात्री चर्चच्या आवारात फिरणारा, धगधगत्या डोळ्यांचा, केसाळ, प्रचंड काळा कुत्रा पाहिल्याचं सांगतात, असं तो लिहितो. हा शक गल्ली-पायवाटांवरचा कुत्रा आहे. त्याचा विजेशी किंवा १५७७शी संबंध नाही. ‘शक’ शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘स्कुक्का’पासून, म्हणजे सैतान किंवा पिशाच या अर्थाच्या शब्दापासून, आला असावा, किंवा पूर्व अँग्लियाच्या बोलीत केसाळ या अर्थाच्या शब्दावरून. पहिली व्युत्पत्ती खरी धरली तरी तिच्यावरून शब्दाचं वय कळतं, कुत्र्याचं नाही. पुढे शकला उत्तरेकडच्या समुद्री स्वाऱ्यांशी आणि नॉर्स दैवतांशी जोडलं गेलं, आणि तेव्हापासून ‘व्हायकिंगांनी आणलेला कुत्रा’ हे वाक्य प्रत्येक पर्यटन-पत्रकात फिरतं आहे. त्याला आधार देणारी मध्ययुगीन नोंद नाही.

मध्ययुगीन नोंद हवी असेल तर ती पीटरबरोच्या मठात सापडते. जुन्या इंग्रजीत सालवार लिहिलेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीच्या तिथल्या प्रतीत ११२७ सालाखाली लिहिलं आहे : नवा मठाधिपती हेन्री आल्यानंतर रात्री जंगलात काळे, धिप्पाड, किळसवाणे शिकारी दिसू लागले. ते काळ्या घोड्यांवर आणि काळ्या बोकडांवर बसलेले होते, आणि त्यांचे कुत्रे काळेकुट्ट, ‘रुंद डोळ्यांचे’, हिडीस. पीटरबरोच्या मृगवनापासून स्टॅमफर्डपर्यंतच्या रानात ते ईस्टरपर्यंत दिसत राहिले. वीस-तीस शिंगं फुंकल्याचे आवाज भिक्षूंनी ऐकले. नंतरच्या भाषांतरात ‘रुंद डोळ्यांचे’ याचं ‘बशीएवढ्या डोळ्यांचे’ झालेलं दिसतं; आजच्या काळ्या कुत्र्यांच्या कथांतही बशीएवढे डोळे सारखे येतात. नोंदीमागचा राग मात्र शुद्ध मठातला आहे. हेन्रीकडे फ्रान्समधल्या एका मठाचं अधिपतीपद आधीच होतं, पीटरबरो त्याने राजाकडून वर मिळवलं, आणि बखरकार त्याची तुलना मधाच्या पोळ्यातल्या नर माशीशी करतो, जी नुसती खाते. ११३२मध्ये त्याला जावं लागलं. हे कुत्रे गावच्या वाटेवरचं भूत नव्हेत. ती एका अन्यायाविरुद्धची भिक्षूंची साक्ष आहे.

आयर्लंडमध्ये सर्वांत जुना ठसठशीत काळा कुत्रा न्यायालयाच्या कागदात आहे. १३२४मध्ये किलकेनीत ॲलिस काइटलर या श्रीमंत विधवेवर बिशप रिचर्ड लेड्रीड याने जादूटोण्याचा खटला चालवला. तिच्याकडे ‘आर्टचा मुलगा रॉबिन’ नावाचा पिशाच येतो, कधी मांजराच्या, कधी काळ्या माणसाच्या, कधी केसाळ काळ्या कुत्र्याच्या रूपात, असा आरोप होता. ॲलिस निसटली. तिची दासी पेट्रोनिला हिला ३ नोव्हेंबर १३२४ रोजी जाळण्यात आलं. तिची कबुली फटके मारून घेतलेली होती, हे विसरून ही कथा सांगणं मला अन्यायाचं वाटतं. आयर्लंडची लोककथांमधली बाजू वेगळी आहे. तिथे पूका नावाचं मायावी भूत घोडा, बोकड किंवा कुत्रा होऊन येतं, आणि पुरलेल्या धनावर काळा कुत्रा राखण बसलेला असतो. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या कथा वह्यांत लिहून घेतल्या. अशा धनराख्या कुत्र्यांसाठी तो साठा बघावा. इंग्रजी शकचं चित्र त्यावर चिकटवू नये.

काही वेळा काळा कुत्रा केवळ रूपकही असतो. १५९६च्या सुमारास ल्यूक हटन या दरोडेखोराने लिहिलेला ‘न्यूगेटचा काळा कुत्रा’ म्हणजे लंडनच्या तुरुंगातले लाचखोर आणि कैद्यांना लुबाडणारे लोक. दुष्काळात कैद्यांनी खाल्लेल्या एका विद्वानाचं भूत कुत्रा होऊन फिरतं, ही गोष्ट त्यावर १७व्या शतकातल्या छापील पुस्तिकेत चढली. रूपक आधी आणि भूत मागून, हा क्रम इथे तारखांसह दिसतो.

आयल ऑफ मॅनवरच्या पील किल्ल्यातला ‘मोदी धू’ मला या सर्वांत जास्त जिवंत वाटतो. मॅन्क्स भाषेत त्याचा अर्थ सरळ ‘काळा कुत्रा’. जॉर्ज वॉल्ड्रनच्या १७३१मध्ये छापलेल्या बेटाच्या वर्णनात तो येतो. कुरळ्या केसांचा स्पॅनियलसारखा कुत्रा, दिवे लागले की पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीपाशी पडायचा आणि उजाडताना निघून जायचा. कोणाला इजा नाही. सैनिक फक्त त्याच्यासमोर शिव्या देत नसत आणि एकटे राहत नसत. रात्री किल्ल्याच्या चाव्या कप्तानाकडे पोचवायला चर्चमधून जाणारी एक वाट होती. ती जोडीने पार करायची, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. एका रात्री दारू प्यालेला एक सैनिक एकटाच चाव्या घेऊन निघाला. मोठा आवाज झाला, तो परतला तेव्हा वाचा गेलेली, आणि तीन दिवसांत तो मेला. ती वाट बुजवून दुसरी काढली गेली. या कथेत डोळ्यांतून आग नाही, बशा नाहीत. पहाऱ्याचा रोजचा क्रम आहे, आणि तो मोडला की काय होतं ते आहे. वॉल्टर स्कॉटने १८२३च्या कादंबरीत ती घेतल्यावर ती बेटाबाहेर गेली.

उत्तर इंग्लंडात नावं बदलतात. यॉर्कशरमध्ये बारगेस्ट आणि पॅडफुट. लँकेशरमध्ये स्क्रायकर, त्याच्या किंकाळीवरून, आणि ट्रॅश, चिखलात जड बूट फटफटावेत तशा पावलांच्या आवाजावरून. यांतले कित्येक रूप बदलतात, म्हणजे कुत्रा हा त्यांचा एकच वेश असतो. स्कॉटलंडचा ‘कू-शी’ तर काळाही नाही. तो गडद हिरवा, गोऱ्ह्याएवढा, शेपटीची वळकटी केलेला, परीलोकाचा कुत्रा आहे. वेल्समधल्या ‘अन्नूनच्या कुत्र्यांचे’ कान लाल आणि अंग पांढरं. यादी करणारे यांनाही ‘काळा कुत्रा’ या मथळ्याखाली टाकतात, तिथे वर्गीकरण कोलमडतं.

ते नीट करण्याचा प्रयत्न दोन स्त्रियांनी केला. एथेल रडकिन यांनी लिंकनशरमध्ये माणसांना प्रत्यक्ष विचारून १९३८मध्ये ‘फोकलोर’ नियतकालिकात लेख लिहिला. त्यांच्या परगण्यातला कुत्रा बहुतेक वेळा निरुपद्रवी होता, रात्री एकट्या चालणाऱ्या बाईच्या सोबतीने जाणारा आणि ठरावीक कुंपणाशी नाहीसा होणारा. १९५८मध्ये त्याच नियतकालिकात थिओ ब्राउन यांनी तीन गट पाडले : रूप बदलणारा, सदैव कुत्राच राहणारा आणि एखाद्या जागेशी किंवा घराण्याशी बांधलेला, आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी दिसणारा, जो दुर्मीळ आहे. नवी कथा समोर आली की हे तीन गट आजही उपयोगी पडतात. जागा बघावी : पॅरिशची हद्द, पूल, खोलगट गल्ली, फाशीचा चव्हाटा. मग तो काय करतो ते बघावं. डोळ्यांना शेवटी महत्त्व द्यावं, कारण कंदिलाच्या उजेडात कुठल्याही कुत्र्याचे डोळे चमकतात. डोळ्यातल्या दृष्टिपटलामागचा थर प्रकाश परत फेकतो.

होम्सच्या कथेमागे डेव्हनमधल्या बकफास्टलीचा जमीनदार रिचर्ड कॅबेल सांगितला जातो. तो १६७७मध्ये वारला, आणि त्याच्या थडग्यावर जड शिळा व भोवती लोखंडी गज असलेली खोली बांधलेली आहे. त्याच मुलखात लेडी हॉवर्ड रोज रात्री कुत्री होऊन टॅव्हिस्टॉकहून ओकहॅम्प्टनच्या किल्ल्यापर्यंत धावते आणि तिथलं गवताचं एकच पातं तोंडात घेऊन परतते, असं सांगतात. टेकडीवरचं गवत संपेपर्यंत तिची सुटका नाही.

ब्लायबरोच्या चर्चचं उत्तरेकडचं दार अजून आहे. त्यावरचे काळे डाग कुत्र्याच्या पंजांचे म्हणून दाखवले जातात. असे थेंबाच्या आकाराचे डाग इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या घरांच्या तुळयांवर आणि दारांवर आहेत. मेणबत्तीची ज्योत तिरकी धरून एकाच जागी बराच वेळ ठेवली, तरच ते तसे उठतात. म्हणजे ते सहसा अपघाताने पडत नाहीत; आगीपासून किंवा अनिष्टापासून रक्षण म्हणून लोक ते मुद्दाम उमटवत, असं इमारतींचे अभ्यासक मानतात. या दारावरचे डाग त्या प्रकारात बसतात. कुत्र्याला बाहेर ठेवण्यासाठी कोणी केलेली खूण पुढे कुत्र्याचीच खूण ठरली असण्याची शक्यता बरीच आहे.