‘तरी’चा इंग्रजी शब्द भाषांतरात का दिसत नाही? भाषांतरासाठी येणाऱ्या ग्राहकांकरिता माहितीपत्रक

सीताबर्डी येथील आमच्या कार्यालयात शोधप्रबंधांचे सारांश, नोकरीचे अर्ज आणि वकिलांमार्फत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाणारे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासाठी येतात. भाषांतर हाती पडताच ते मूळ मराठीशी शब्दाशब्दाने पडताळण्याची अनेक ग्राहकांची सवय आहे. ती चांगली सवय आहे आणि तिच्यामुळे आमच्याही चुका वेळीच सापडलेल्या आहेत. परंतु एक शंका मात्र जवळजवळ दर आठवड्यास येते: ‘जरी’चे ‘ऑल्दो’ झाले, मग ‘तरी’ कुठे गेले? काही ग्राहक हे आम्हांला विचारतात. काही न विचारताच तेथे ‘बट’ टंकित करतात, आणि सादर केलेली प्रत शेरा पडून परत आली, की छपाई, सही व शिक्का हे सर्व पुन्हा करावे लागते.

हा शब्द गळलेला नसतो. मराठीत या जोडीचा भार दुसऱ्या शब्दावर असतो. ‘पाऊस आला तरी मी येईन’ या वाक्यात ‘जरी’ नसूनही काही अडत नाही. ‘तरी’ काढला तर मात्र वाक्य कोसळते. इंग्रजीत नेमके उलट आहे. तेथे सगळा भार पहिल्या शब्दावर असून ‘ऑल्दो’ एकट्यानेच गौण वाक्याला मुख्य वाक्याशी बांधतो. म्हणून मराठी वाचकाला सर्वांत महत्त्वाचा शब्दच हरवल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. ‘जरी २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलावाचे पाणी वस्तीत शिरले होते, तरी अर्जदाराने कागदपत्रे मुदतीत सादर केली’ याच्या भाषांतरात तलावाविषयीच्या वाक्याआधी ‘ऑल्दो’ येतो, त्या वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम येतो आणि अर्जदाराचे वाक्य थेट ‘दि ॲप्लिकंट’ या शब्दांनी सुरू होते. ‘बट’ हा समान दर्जाची दोन वाक्ये जोडणारा शब्द आहे, तर ‘ऑल्दो’ एका वाक्याला दुसऱ्याच्या अधीन करतो. एकाच सांध्यावर दोघांना बसवता येत नाही. ‘ऑल्दो’ काढून टाकून मधे एकटा ‘बट’ ठेवला, तर तेही वाक्य शुद्धच असते.

‘म्हणून’ आणि कचेरीच्या मराठीतील ‘सबब’ यांचेही असेच होते. अर्जाच्या भाषेत आम्ही बहुधा कारण आधी घेऊन त्याला ‘ॲज’ किंवा ‘सिन्स’ लावतो, आणि मग पुढे ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ लागत नाही.

अपवाद आहेत, आणि ते जाणकार ग्राहक दाखवून देतात. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतो, ‘ऑल्दो’नंतर ‘येट’ किंवा ‘स्टिल’ही चालतो, कारण हे शब्द तेथे क्रियाविशेषणाचे काम करतात, जोडण्याचे नव्हे. शासकीय अधिसूचनेतील ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ यासाठी ‘व्हेअरॲज… नाऊ, देअरफोर’ ही जोडी रूढ असल्यामुळे ती आम्ही तशीच ठेवतो. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘बोथ–अँड’ आणि ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ या तर इंग्रजीच्या स्वतःच्याच जोड्या आहेत. त्यांतील एकही शब्द कृपया काढू नये.

सर्वांत अधिक काळजी ‘जोपर्यंत… नाही, तोपर्यंत’ या रचनेची घ्यावी. ‘जोपर्यंत चौकशी पूर्ण होत नाही, तोपर्यंत कर्मचारी कामावर राहील’ याच्या भाषांतरात ‘अनटिल दि इन्क्वायरी इज कम्प्लीटेड’ एवढेच येते. येथे ‘तोपर्यंत’ही दिसत नाही आणि ‘नाही’ही दिसत नाही, त्यामुळे ग्राहक घाबरून ‘नॉट’ घालतात. जादा ‘बट’मुळे वाक्य केवळ अशुद्ध दिसते, पण जादा ‘नॉट’मुळे अर्थच बिघडतो. चौकशी संपेपर्यंत ही जी मर्यादा, तीच कागदावरून नाहीशी होते. ‘अनलेस’च्या पोटातही नकार आधीच असतो, म्हणून तेथेही हेच लागू आहे.

शब्द गाळण्यात आमचा काही लाभ असेल, अशी शंका एक-दोघांनी बोलून दाखवली, म्हणून नम्रपणे नमूद करतो, की आमचे शुल्क मूळ मराठी मजकुराच्या शब्दसंख्येवर ठरते. इंग्रजी मजकूर लांबला वा आटोपला, तरी रकमेत फरक पडत नाही. भाषांतर दिल्यापासून सात दिवसांत आलेल्या शंकांचे निरसन आणि आवश्यक ती दुरुस्ती आम्ही विनामूल्य करतो. ज्यांनी अन्यत्र किंवा स्वतः भाषांतर केले आहे, त्यांना केवळ वाक्यजोडणी तपासून हवी असल्यास ते कामही अल्प शुल्कात, बहुधा त्याच दिवशी, करून मिळते.

शंका असलेल्या जागी पेन्सिलने खूण करावी आणि मूळ मराठी प्रतीसह कागद आमच्याकडे आणावा. अंतिम प्रतीत स्वतः शब्द घालू नये.