गाई-म्हशींवर संशोधन करायचंय? आधी ‘फॉर्म बी’ नीट भरा

पशुप्रजनन किंवा पशुअनुवंशशास्त्रात एम.व्ही.एस्सी., पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, विषय ठरतो, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर होतो. आता गोठ्यात उतरायचं, तेवढ्यात गाइड विचारतात, “आयएईसी झाली का?” बऱ्याच जणांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकलेला असतो. आयएईसी म्हणजे प्राण्यांवरचे प्रयोग तपासणारी संस्थेची समिती, आणि तिच्यापुढे ठेवायचा अर्ज म्हणजे फॉर्म बी. मग सीनियरचा जुना फॉर्म मिळवायचा, नाव आणि विषय बदलायचा, सही घेऊन टाकायचा. पंधरा दिवसांनी तो शेऱ्यांसह परत.

अशा समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. परत जाणाऱ्या अर्जांत जनावरांशी क्रूरपणे वागण्याचा बेत जवळजवळ कधीच नसतो. किती जनावरं लागतील, का लागतील आणि नक्की काय मोजायचं आहे, हे अर्जदाराने ठरवलेलंच नसतं. त्यामुळे हा फॉर्म सिनॉप्सिसनंतर नव्हे, सिनॉप्सिस लिहितानाच समोर ठेवावा.

कायदा नेमका कोणता

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा केंद्रीय कायदा. त्याचं चौथं प्रकरण प्रयोगांविषयी आहे आणि ज्ञानवृद्धीसाठी किंवा रोगांशी लढण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा नाहीत, असं ते सुरुवातीलाच सांगतं. मात्र प्रयोगांवर देखरेख ठेवायला कलम 15 खाली एक केंद्रीय समिती नेमलेली आहे. तिचे नियम 1998 साली आले, 2001 आणि 2006 मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. या समितीला वर्षानुवर्षं ‘सीपीसीएसईए’ म्हणत; आता तिचं नाव ‘सीसीएसईए’ आहे आणि ती केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाखाली काम करते. पूर्वी ती पर्यावरण मंत्रालयाकडे होती. तुमच्या फॉर्मच्या माथ्यावर जुनं नाव आणि पर्यावरण मंत्रालय छापलेलं असेल, तर फॉर्म कुठून उचलला ते समितीला पहिल्या ओळीतच कळतं.

कायद्यातला दंड वाचून हसू येईल: कमाल दोनशे रुपये. पण खरी अडचण दंडाची नाहीच. मंजुरी क्रमांक नसला की चांगली नियतकालिकं शोधनिबंध घेत नाहीत आणि संस्थेची नोंदणी धोक्यात आली की सगळ्याच विभागांचं काम अडतं.

अर्ज कोण करू शकतं

मुळात संस्था नोंदलेली हवी. ते काम फॉर्म ए भरून संस्थाच करते. विद्यार्थ्याने फक्त नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची मुदत तपासायची. मुदत संपलेली असेल तर तुमचा अर्ज कितीही चांगला असो, पुढे सरकत नाही. हे आधी विचारून घ्या, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही.

फॉर्म बी हा एकेका प्रयोगासाठी असतो. तो मुख्य संशोधकाच्या नावाने जातो. प्रबंधाचं काम असेल तर मुख्य संशोधक म्हणजे तुमचे गाइड आणि तुम्ही सहसंशोधक. नियमांनुसार प्रयोग पशुवैद्यक, वैद्यक किंवा प्रयोगशाळा-प्राणिशास्त्रातली पदवी वा पदविका असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विभागातून येणारे इथे अडकतात. म्हशीला एपिड्युरल भूल देणं, संप्रेरकं टोचणं, योनिमार्गे सोनोग्राफीचा प्रोब घालून बीजांडं ओढून घेणं ही कामं नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच. तेव्हा चमूत पशुवैद्यकाचं नाव हवं आणि त्याची पशुवैद्यक परिषदेची नोंदणीही जोडायला हवी. ‘गरजेनुसार डॉक्टर बोलावू’ असं लिहिलेलं चालत नाही.

लहान जनावर, मोठं जनावर: दोन दारं

उंदीर, ससा यांसारख्या लहान प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेची स्वतःची समिती, म्हणजे आयएईसी, मंजुरी देऊ शकते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा मात्र मोठ्या प्राण्यांत येतात. तिथे आयएईसी फक्त शिफारस करते आणि प्रकरण दिल्लीला केंद्रीय समितीकडे जातं. पशुधनावर काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे दुसरं दार येतं, आणि वेळ तिथेच जातो. माजाचा, म्हणजे जनावर फळायला तयार असण्याचा, हंगाम गाठायचा असेल तर हे आधी लक्षात घ्या. म्हशींचा माज थंडीत जास्त दिसतो. दिवाळीला अर्ज टाकून त्याच थंडीत काम सुरू करण्याचं स्वप्न पाहू नये.

आयएईसीमध्ये एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या शाखांचे दोन शास्त्रज्ञ, जनावरांची काळजी घेणारा पशुवैद्यक, प्राणिगृहाचा प्रमुख, संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ, समाजभान असलेला एक बिगरशास्त्रज्ञ सदस्य आणि केंद्रीय समितीचा नामनिर्देशित प्रतिनिधी असे लोक असतात. अवघड प्रश्न शास्त्रज्ञ विचारतील असं विद्यार्थी धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. “हीच गोष्ट दुधातून मोजता येत नाही का?” हा प्रश्न एका बैठकीत बिगरशास्त्रज्ञ सदस्याने विचारला होता आणि उत्तर होतं, येते.

फॉर्म बीमध्ये घोडं कुठे अडतं

नाव, पत्ता, निधीचा स्रोत, कालावधी हे रकाने कुणीही भरतं. अडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं: मोठंच जनावर का? कायदाच म्हणतो की गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर यांच्यावर तेच उत्तर मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावा. इथे ‘म्हैस हा आपला महत्त्वाचा दुधाळ प्राणी आहे’ असं लिहिणारे खूप. ते खरं आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. उत्तर असं हवं: म्हशीचा मुका माज, म्हणजे बीजांड सुटतं पण बाहेरून लक्षण दिसत नाही, हा उंदरात अभ्यासता येणारा प्रकार नाही, 21 दिवसांच्या आसपासचं ऋतुचक्र आणि त्यातल्या पुटकांच्या (ज्यांत बीजांड वाढतं त्या पिशव्यांच्या) लाटा म्हशीतच पाहाव्या लागतात. तीन ओळी पुरतात.

दुसरं: जनावरांची संख्या. सर्वांत जास्त अर्ज इथे पडतात. एका अर्जात ‘20 ते 30 म्हशी, उपलब्धतेनुसार’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. उपलब्धता हा गोठ्याचा हिशेब झाला. समितीला संख्याशास्त्राचा हिशेब हवा असतो. आता तो करून बघा. समजा सगळ्या म्हशींचा माज एकाच वेळी आणण्याच्या दोन पद्धतींची तुलना आहे, आणि गर्भधारणेचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. नेहमीची 5 टक्के सार्थकता (नसलेला फरक दिसण्याचा धोका) आणि 80 टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात सुमारे 160 म्हशी लागतात. दहा-दहाच्या गटात हा फरक सिद्ध होणं जवळपास अशक्य. म्हणजे वीस म्हशींना इंजेक्शनं द्यायची, खोड्यात बांधायचं आणि शेवटी हाती काहीच नाही. समितीच्या भाषेत हेच अनैतिक.

पण तुम्ही गर्भधारणेऐवजी पुटकाचा व्यास मोजणार असाल, दोन गटांत अडीच मिलिमीटरचा फरक अपेक्षित असेल आणि प्रमाण विचलन (मोजमापांतला चढउतार) दोन मिलिमीटर असेल, तर प्रत्येक गटात 10 ते 12 जनावरं पुरतात. विषय तोच, गोठा तोच, प्रश्न बदलला की आकडा बदलतो. म्हणून संख्या ठरवण्याआधी प्रश्न ठरवा आणि गणित फॉर्मला जोडा. विभागातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे अर्धा तास बसलात तर दोन महिने वाचतात.

तिसरं: जनावराला नेमकं काय सोसावं लागणार. ‘रक्त घेतलं जाईल’ एवढं पुरत नाही. कुठल्या शिरेतून, किती मिलिलिटर, किती वेळा, कोण घेणार? प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा आलेख काढायला एका चक्रात दर तीन दिवसांनी नमुना घ्यायचा तर आठ वेळा मानेत सुई जाते. मोठ्या म्हशीच्या अंगातलं रक्त वीस लिटरच्या पुढे असतं, त्यात दहा मिलिलिटर म्हणजे काहीच नाही. त्रास आठ वेळा पकडून खोड्यात घालण्याचा आहे. जनावर दुभतं असेल तर प्रोजेस्टेरॉन दुधातूनही मोजता येतं. भाकड असेल तर रक्ताशिवाय इलाज नाही, तसं कारणासह लिहा. 1959 साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं हीच: प्राण्याऐवजी पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्याकडच्या समितीने त्यात चौथं घातलं, पुनर्वसन. त्याकडे पुढे येतो.

अनुवंशशास्त्राच्या लोकांचं काम इथे सोपं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं ‘फेक-बी’ जनुक दख्खनी मेंढीत आणलं गेलं. कुठल्या कोकराला ते जनुक मिळालं हे डीएनएवरून कळतं आणि त्याला थोडं रक्त पुरतं. केसांच्या मुळांवरून काम भागत असेल तर तेही नको. पण ‘फक्त रक्तच घेतोय’ म्हणून फॉर्मच भरायचा नाही, असं मात्र करू नका.

आणखी एक. केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, असं कायदा स्पष्ट म्हणतो. गुदमार्गे तपासणी किंवा कृत्रिम रेतनाचा सराव हा प्रबंधाच्या नावाखाली दडवू नका.

कागदपत्रं

फॉर्म बीसोबत साधारणपणे हे लागतं: मंजूर सिनॉप्सिस किंवा प्रकल्प आराखडा, निधी मंजुरीचं पत्र, चमूतल्या प्रत्येकाची शैक्षणिक माहिती आणि अनुभव, पशुवैद्यकाची नोंदणी, संख्येचं गणित, औषधांची नावं-मात्रा-मार्ग यांचा तक्ता, जनावरं कुठून येणार त्याचं पत्र, आणि प्रयोगानंतर त्यांचं काय होणार याचं लेखी वचन. मोठ्या जनावरांसाठी आयएईसीच्या शिफारशीचं सहीचं इतिवृत्त जोडून अर्ज संस्थेमार्फत पुढे जातो. औषधाची मात्रा फॉर्ममध्ये एक आणि सिनॉप्सिसमध्ये दुसरी, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकदा वाचा.

काम शेतकऱ्याच्या गोठ्यात असेल तर मालकाची संमती हवी, तीही त्याला वाचता येईल अशा मराठीत. गाभण जनावर गाभडलं तर भरपाई कोण देणार, हे त्यात लिहा. शेतकरी पहिला प्रश्न तोच विचारतो.

कत्तलखान्यातून बीजांडकोश आणून प्रयोगशाळेत फलन करणार असाल तर जिवंत जनावर वापरातच येत नाही. कत्तलखान्याचं परवानगीपत्र घेऊन समितीला तसं कळवा. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्यामुळे हा मार्ग म्हशीपुरताच. गाईची बीजांडं हवी असतील तर जिवंत गाईतूनच काढावी लागतात. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2023 साली जन्मलेली ‘गंगा’ ही गीर जातीची क्लोन कालवड अशाच, जिवंत गाईतून काढलेल्या बीजांडांवरची.

जनुकात बदल करणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची वेगळी मंजुरी लागते. नमुने परदेशी प्रयोगशाळेत जाणार असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो. 2002च्या जैवविविधता कायद्यात देशी जनावरांचं जनुकीय द्रव्यही मोडतं. कुरिअर बुक केल्यावर हे आठवून उपयोग नाही.

मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीपत्रावरची संख्या ही मर्यादा असते. बारा म्हशी मंजूर आणि दोन मध्येच आजारी पडल्या, तर परस्पर दोन नव्या घ्यायच्या नाहीत. दुरुस्तीचा अर्ज करायचा. म्हणून सुरुवातीलाच गळतीचे एक-दोन आकडे धरून, तसं सांगून, संख्या मागा. फॉर्म डी ही प्रयोगाची नोंदवही, ती संशोधकानेच ठेवायची: कुठलं जनावर कधी आलं, कोणत्या तारखेला काय केलं. शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते. रोजच्या रोज भरलेल्या वहीला शेणाचा एखादा डाग असतोच.

आणि पुनर्वसन. प्रयोग संपल्यावर जनावर कळपात परत जाणार, शेतकऱ्याकडे जाणार की आणखी काही दिवस निगराणीखाली राहणार, याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचा असतो. शेवटचं इंजेक्शन आणि शेवटचा नमुना यांच्यापुढेही चारा लागतो, संप्रेरकांमुळे माज बिघडलेलं जनावर पुन्हा नियमित होईपर्यंत तपासावं लागतं. निधी देणाऱ्या संस्थेला प्रस्ताव पाठवताना ही ओळ विसरलात, तर नंतर तो पैसा विभागाच्या गोठ्याकडे मागावा लागतो, आणि गोठ्याचे प्रभारी तेव्हा तुमचा फोन उचलत नाहीत.